फोरमनचा कान

फोरमनच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते एका मीठदाणीवरून. मीठदाणी ती केवढी, मुठीत मावेल एवढी. पण ती केली होती त्याच्या साडूनं, आणि साडूला लेथवर उभं राहून पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. मंडळाच्या मधल्या टेबलावर ती ठेवल्याबरोबर चार हात पुढे आले. फोरमनचा वाडगा शेजारीच होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता हे मंडळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, एका जुन्या तंत्रशाळेच्या कार्यशाळेत, लाकूड कातणारी तीसचाळीस माणसं जमायची. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी घड्याळं दुरुस्त करणारा, कुणी भूगोलाच्या बाई. सहा लेथ, एका बाजूला लांबच लांब खिडकी, कपाटावर सरसाचे डबे आणि त्यांच्याच रांगेत चहाची किटली, त्यामुळे चहाला कायम थोडा सरसाचा वास. प्रत्येकानं महिनाभरात केलेली एखादी वस्तू आणायची आणि मधल्या टेबलावर ठेवायची, असा रिवाज. बाहेरचा माणूस लाकडी वाडगा बघतो तो वरून, आतून, फार तर हात फिरवून. मंडळातला माणूस तो उचलतो आणि आधी उपडा करतो. वाडगा लेथवर चकमध्ये, म्हणजे चार लोखंडी जबड्यांत, तळाकडूनच धरलेला असतो. त्यामुळे करणाऱ्यानं कुठं घाई केली, कुठं चुकला आणि चूक कशी झाकली, ते सगळं तळाशी कळतं. साडूची मीठदाणी चौघांनी उपडी केली आणि चौघंही काही बोलले नाहीत. मंडळात याहून मोठं कौतुक नाही.

सगळे चहाकडे वळल्यावर फोरमननंही ती हळूच उपडी करून पाहिली. नावं ठेवायला जागाच नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

फोरमन हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्यानं छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा फोरमन म्हणून. कारखाना सुटला, नाव तेवढं चिकटून राहिलं. बायकोसुद्धा चिडली की 'अहो फोरमन' म्हणायची. कारखान्यात त्याची ख्याती होती ती कानाची. चाळीस पंप एकदम धडधडत असताना हा दारातून आत यायचा, उजव्या कानाची पाळी चिमटीत धरायचा आणि म्हणायचा, ''तिसऱ्या रांगेतला पाचवा. बेअरिंग जाणार.'' आणि ते जायचं. निवृत्त झाल्यावर असला कान घरात काय कामाचा? नळ गळतोय आणि वरच्या मजल्यावर भांडण चाललंय, एवढंच ऐकायचं. म्हणून अकरा वर्षांपूर्वी तो मंडळात आला.

वाडगे तो बरे करायचा. बरे म्हणजे बरेच, फार नाही. पण एका गोष्टीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वाडगा आतून पोखरताना तळाला किती लाकूड उरलंय ते दिसत नाही. म्हणून पोखरायला घेण्याआधी मधोमध ड्रिलनं एक भोक पाडायचं, हवं तेवढंच खोल. पोखरता पोखरता भोक दिसेनासं झालं की थांबायचं, बस. युक्ती अगदी शाळकरी, पण मंडळातले भले भले ती विसरायचे आणि हत्यार तळातून आरपार जायचं. असल्या तळ गेलेल्या वाडग्यांसाठी कार्यशाळेत एक अख्खी भिंत होती. ज्याचा गेला त्यानं स्वतः खिळा ठोकायचा, वाडगा टांगायचा आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं खाली नाव नि तारीख लिहायची. त्या भिंतीवर मंडळातल्या झाडून सगळ्यांची नावं होती. फोरमनचं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही. 'आधी भोक' हे तो इतक्यांदा बजावायचा, की त्याला येताना पाहिलं की लोक स्वतःच म्हणायचे, ''हो हो, आधी भोक.''

आणि दुसरी गोष्ट तो कान. मंडळातले सगळ्यांत जुने कातारी म्हणजे आजोबा. शनिवारी नवशिक्यांचा वर्ग तेच घ्यायचे. सहा लेथवर सहा जण लावून द्यायचे आणि आपण मधोमध स्टुलावर बसायचे, डोळे मिटून. ''दोन नंबर, हत्यार बोथट झालंय. पाच नंबर, दाबू नका, लाकूड ओरडतंय.'' दिसायला झोपलेले. नऊ वर्षं फोरमन त्यांच्या हाताखाली होता आणि आजोबांच्या तोंडून निघायच्या आत त्याला नंबर कळायचा. आता आजोबांचे गुडघे गेले होते. वर्ग कुणाला तरी सोपवायचा होता. फोरमनला तो वर्ग हवा होता, ते स्टूल हवं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी त्यानं आपल्या हातानं साडूला मंडळात आणलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

झालं असं, की मेहुणीचा फोन आला. ''भाऊजी, यांना कुठंतरी गुंतवा हो. निवृत्त झाल्यापासून दिवसभर माझ्या स्वयंपाकघरातले डबे लावत बसतात.'' साडू दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर माप पाठवायचा, हा कवळी करून द्यायचा, चाळीस वर्षं. फोरमनला वाटलं, बरंच झालं. सासरच्या माणसांत कायम याचाच तोरा. हाच सगळ्यांना हसवणार, याच्याच शेजारी सगळ्यांना बसायचं असणार, आणि थोरला जावई कोपऱ्यात. बघू दे जरा, मंडळात आपल्याला काय मान आहे तो. पहिल्या दिवशी त्यानं साडूला लेथ दाखवला, हत्यार कसं धरायचं ते दाखवलं, भिंत दाखवली. ''आधी भोक,'' तो म्हणाला. साडूनं ते वहीत लिहून घेतलं.

पण चाळीस वर्षं कवळ्या घासलेल्या माणसाच्या बोटाला केसाएवढा फरक कळतो, हे काही फोरमनच्या डोक्यात आलं नव्हतं. मीठदाणीनंतर डबी आली. तिचं झाकण बसवताना आतली हवा सुस्कारा टाकून बाहेर पडायची, इतकं ते बेतलेलं. मग वाडगे आले, एकाहून एक पातळ. आणि साडू माणूस वाईट असता तरी एक वेळ चाललं असतं. तो किटली घासायचा. कुणाच्या सुनेचं ऑपरेशन कधी आहे ते लक्षात ठेवायचा. आणि भेटेल त्याला सांगायचा, ''मला सगळं दादांनी शिकवलं.'' मग लोक फोरमनकडे वळून म्हणायचे, ''काय शिष्य तयार केलात हो.'' हे वाक्य फोरमनला शिवीसारखं लागायचं.

''त्याच्या वाडग्याची कड जाड आहे,'' एकदा जेवताना तो म्हणाला.

''हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय,'' बायको म्हणाली.

''मग आहेच जाड.''

''अहो, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे तो. त्याचं चार लोकांत चांगलं झालं, तर तुमच्या पोटात का दुखावं?''

''माझ्या पोटात काही दुखत नाही,'' म्हणून तो अर्ध्या जेवणावरून उठला.

वर्षातून एकदा मोठा मेळावा भरायचा. आसपासच्या गावांतली मंडळं यायची, ऐंशीनव्वद माणसं. त्या दिवशी एकच प्रात्यक्षिक: सगळ्यांसमोर ओंडक्याच्या तुकड्यातून अखंड वाडगा. अध्यक्ष होत्या सिस्टर, म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मुख्य परिचारिका. त्यांनी बैठकीत जाहीर केलं, ''यंदा प्रात्यक्षिक कवळीवाले करतील. आणि फोरमन, तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला.''

उजव्या बाजूचा माणूस म्हणजे हाताखालचा माणूस. हत्यारं द्यायची, छिलके सारायचे आणि डोळे-कान उघडे ठेवायचे. कारण करणारा लोकांशी बोलत असतो, त्याचं सगळं लक्ष लाकडावर राहत नाही. फोरमननं मान डोलावली आणि आतून त्याचा नुसता भडका उडाला. अकरा वर्षं वाट पाहिली ती यासाठी? याला येऊन अकरा महिने नाहीत. ज्याला प्रात्यक्षिक त्यालाच वर्ग, हेही त्यानं तिथंच बसल्या बसल्या मनाशी पक्कं करून टाकलं. कुणी तसं म्हटलं नव्हतं. विचारायला काय झालं होतं? पण जळणारा माणूस विचारत नाही, ठरवून मोकळा होतो.

मेळाव्याच्या दिवशी कार्यशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. लेथच्या वर तिरका आरसा टांगला होता, म्हणजे मागच्यांनाही वाडग्याच्या आतलं दिसावं. पहिल्या रांगेत दोघी बहिणी, फोरमनची बायको आणि मेहुणी, मांडीवर पर्स घेऊन. साडूनं तोंडावर पारदर्शक मुखवटा ओढला, कॉलरला माइक लावला आणि सुरुवात केली. बाहेरची बाजू अर्ध्या तासात अशी उतरली की लोक माना पुढे काढून बघू लागले. तो बोलत होता, हसवत होता. ''कवळी आणि वाडगा यांत फरक एवढाच, वाडगा परत येऊन तक्रार करत नाही.'' ऐंशी माणसं हसली. फोरमन छिलके सारत होता.

मग साडूनं लाकूड फिरवून, तळ चकमध्ये पकडून लावलं. आता आतून पोखरायचं. फोरमननं ड्रिल उचलून हातात धरलं, सवयीनं. पण साडू तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर द्यायला वळला. उत्तरातून गोष्ट निघाली, गोष्टीतून हशा, आणि हशा ओसरेपर्यंत त्यानं लेथ चालू करून हत्यार लाकडाला लावलंसुद्धा.

भोक पाडलेलं नव्हतं.

फोरमनच्या हातात ड्रिल तसंच होतं. तोंड उघडलं की काम होत होतं. 'साडूभाऊ, आधी भोक.' तीन शब्द. त्यानं आरशात पाहिलं, कदाचित घरूनच पाडून आणलं असेल. आरशात लाकूड मधोमध कोरं होतं, टिकलीएवढीही खूण नव्हती. अजून वेळ आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. वाडगा खोल आहे. थोड्या वेळानं सांगू. आणि त्यानं ड्रिल टेबलावर ठेवून दिलं, आवाज होऊ न देता.

वीस मिनिटं गेली. छिलके दोरीसारखे लांब निघत होते. लोक वाहवा करत होते आणि साडू एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत शिरत होता. मग आवाज बदलला. आधी भरीव घरघर होती, ती पोकळ झाली. मुखवट्याच्या आत स्वतःचंच बोलणं घुमत असताना साडूला ते ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि लोक तर गोष्ट ऐकत होते. ऐकत होता तो एकटा फोरमन. त्याचा हात आपोआप उजव्या कानाच्या पाळीकडे गेला. दोन बोटं लाकूड उरलंय. एक बोट. आता सांगायला हवं. आता तरी. आवाज पातळ झाला, कागदावर नख ओढल्यासारखा. फोरमन मूग गिळून उभा राहिला. त्याला काय वाटत होतं ते स्वच्छच सांगायचं तर एवढंच: जाऊ दे. एकदा तरी जाऊ दे याचं.

खाड् करून हत्यार आरपार गेलं. वाडगा चकवरून सुटला, लेथच्या पाटावर आपटला, साडूच्या छातीवर आदळला आणि जमिनीवर गडगडत गेला. चकमध्ये नुसती चकती उरली, गोल गोल फिरत.

मेहुणी अर्धवट उठून उभी राहिली होती. साडूनं लेथ बंद केला, मुखवटा काढला, छाती चोळत वाकून वाडगा उचलला. त्याला तळ नव्हता. त्यानं तो चेहऱ्यासमोर धरला आणि त्यातून पहिल्या रांगेकडे पाहिलं.

''सिस्टर, यातून तुम्ही फार चांगल्या दिसता.''

कार्यशाळा हास्यानं नुसती भरून गेली. ''दादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आधी भोक,'' साडू माइकवर म्हणाला. ''वहीत लिहिलंय. वही घरी राहिली. खिळा आणा.'' त्यानं सगळ्यांसमोर खिळा ठोकला, वाडगा टांगला, खाली 'कवळीवाले' लिहिलं आणि तारीख घातली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. धडधाकट वाडग्याला मंडळात आजवर कधी असल्या टाळ्या पडल्या नव्हत्या. फोरमनच्या अंगाचा तिळपापड झाला. तळ गेला तरी कौतुक याचंच.

टाळ्या थांबल्यावर सिस्टर जवळ आल्या. रुग्णाची नाडी धरावी तशी त्यांनी फोरमनच्या मनगटाला धरलं. ''काय हो, तुम्ही तर हातभर अंतरावर होतात. भोक नव्हतं ते दिसलं नाही?''

''मला वाटलं, घरूनच पाडून आणलंय.''

''आणि आवाज? तुमच्यासारख्या कानाच्या माणसाला आवाज कळला नाही?''

साडूही वळून बघत होता. बायको बघत होती. फोरमनला जे सुचलं ते तो बोलून गेला. ''अलीकडे... अलीकडे मला जरा कमी ऐकू येतं.''

''अरे देवा,'' साडू म्हणाला. ''आणि दादा, तुम्ही कुणाला बोलला नाहीत?'' आणि त्यानं फोरमनच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच हातानं तो मघाशी छाती चोळत होता.

चहाच्या वेळी सिस्टरांनी फोरमनला खिडकीशी बाजूला घेतलं. त्यांना बोलायला जड जात होतं. ''तुम्हाला आज सांगणारच होते. शनिवारचा वर्ग तुम्हाला द्यायचा ठरला होता. आजोबांचा हट्टच होता तसा. ते म्हणाले, वाडगा काय, कुणीही करील, कान फक्त फोरमनचा. म्हणून तर प्रात्यक्षिक तुमच्या साडूला दिलं, म्हटलं दोन्ही एकाच घरात जाऊ देत. पण आता कानाचंच असं म्हणता, तर... सहा मशिनी चालू, समोर शिकाऊ माणसं. जोखीम आहे हो. तुम्हीच सांगा.''

फोरमन काय सांगणार? खरं सांगावं तर तळ का जाऊ दिला ते सांगावं लागेल. खोटं धरून ठेवावं तर वर्ग गेला. त्यानं चहाचा कप खिडकीत ठेवला आणि म्हणाला, ''तुमचं बरोबर आहे.''

घरी दोघं जेवायला बसल्यावर बायको ताटातली नजर वर न करता, अगदी पुटपुटल्यासारखी म्हणाली, ''भात वाढू का अजून?''

''थोडासा,'' फोरमन म्हणाला.

तिनं वाढला. मग त्याच पुटपुटत्या आवाजात म्हणाली, ''तुम्ही कानाची पाळी धरली होतीत. मी समोरच बसले होते.'' भाताचा घास त्याच्या तोंडातच राहिला. ''त्याच्या छातीवर हा एवढा काळानिळा डाग पडलाय. तोंडावर बसलं असतं, तर मी माझ्या बहिणीला काय सांगितलं असतं?''

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

पुढचं सगळं साडूनंच केलं, कारण चांगुलपणा करायची त्याला सवयच होती. त्यानंच कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. एका काचेच्या खोलीत फोरमनला बसवलं, कानावर यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. बारीकातला बारीक आवाज फोरमनला लख्ख ऐकू येत होता आणि तो बटणावर अंगठा ठेवून ढिम्म बसून होता. काचेपलीकडे साडू काळजीच्या चेहऱ्यानं उभा. आठ दिवसांनी मेहुणीनं डबीतून कानाचं मशीन आणून दिलं, तिच्या आणि साडूच्या वतीनं भेट. डबीसुद्धा साडूनं केलेली. झाकणानं सुस्कारा टाकला.

शनिवारचा वर्ग साडूकडे गेला. फोरमन हाताखाली, दहाव्या वर्षीही. मशीन कानात घालून बसलं की खुर्ची सरकली तरी छप्पर कोसळल्यासारखं वाटायचं, डोकं भणभणायचं. साडू काही आजोबांसारखा डोळे मिटून बसत नव्हता. तसं बसणं त्याला जमण्यासारखंही नव्हतं. तो एका लेथकडून दुसऱ्याकडे फिरत राहायचा. स्टूल कोपऱ्यात पडून होतं, त्यावर चिंध्यांचं गाठोडं. फोरमन भिंतीजवळच्या टेबलाशी हत्यारं पुसायचा आणि समोर टांगलेला साडूचा तळ नसलेला वाडगा बघायचा. नवी माणसं ती भिंत बघायला यायची आणि साडूचा वाडगा बघून त्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. फोरमनला प्रत्येक वेळी ती ऐकावी लागायची, मोठ्यानं.

तिसऱ्या महिन्यात मशीनमधले बटणाएवढे सेल संपले. फोरमनला सुटल्यासारखं झालं. त्यानं ते मुकं मशीन तसंच कानात घालून ठेवलं. ''सेल संपलेत वाटतं,'' घरी म्हणाला तेवढंच. बायकोनं बहिणीला फोन केला. बहिणीनं नवऱ्याला सांगितलं.

त्या शनिवारी सहाही लेथ चालू होते. सहा नंबरवर शिवणकाम करणारी एक बाई होती, तिचा पहिलाच वाडगा. भोक तिनं पाडलं होतं, पण घाबऱ्या हातानं, जरा जास्तच खोल. साडू दुसऱ्या टोकाला, एक नंबरवर कुणाचा तरी हात धरून दाखवत होता. फोरमन पटाशी पुसत होता. आणि पाच मशिनींच्या गदारोळातून त्याला सहा नंबर ऐकू आला. पोकळ.

त्यानं पटाशी खाली ठेवली. आपण बहिरे आहोत, त्याच्या मनात आलं. सेल संपलेत, घरी सगळ्यांना माहीत आहे. आपल्याला कोण काय म्हणणार? उलट म्हणतील, वर्ग साडूचा, लक्ष साडूचं नव्हतं. शिकाऊ बाईचा वाडगा साडूच्या वर्गात फुटला, एवढं तरी होऊ दे. आवाज पातळ होत चालला होता. बाई नीट दिसावं म्हणून वाडग्यावर वाकली, इतकी की तिचा मुखवटा लाकडापासून वीतभर राहिला.

''सहा नंबर, थांबा,'' फोरमन ओरडला. ''हत्यार मागं. बंद करा.''

सगळेच दचकले. एकामागून एक सहाही लेथ बंद झाले. साडू भरभर आला, त्यानं वाडग्यात हात घालून तळ बोटांनी चाचपला. त्याला मोजपट्टी लागत नव्हती. ''पोस्टकार्ड,'' तो म्हणाला. ''तळाला पोस्टकार्डाएवढं लाकूड उरलंय.''

''काका, एवढ्या लांबून तुम्हाला कसं कळलं?'' बाईनं विचारलं.

फोरमनची चिमूट अजून कानाच्या पाळीवर होती. त्यानं ती खाली घेतली, पण साडूनं पाहिलं होतं. साडूनं शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक चपटं पाकीट काढलं. चार सेल, पाकीट न फोडलेलं. ते त्यानं टेबलावर, पुसलेल्या हत्यारांच्या शेजारी ठेवलं.

''त्या दिवशीही ऐकू आलं होतं?'' त्यानं विचारलं, फक्त फोरमनला ऐकू जाईल इतक्या हळू.

''हो.''

''कधीपासून?''

''आवाज नंतर आला,'' फोरमन म्हणाला. ''भोक पाडलं नाहीत, तेव्हापासूनच माहीत होतं.''

''मग का?''

''मीठदाणीपासून जळत होतो,'' फोरमन म्हणाला.

साडू कधी नव्हे तो काही बोलला नाही. एक साधा विनोदसुद्धा नाही. त्याचा हात छातीकडे गेला, मग खाली आला. तो वळला आणि एक नंबरवर जाऊन अर्धवट राहिलेलं शिकवणं पुन्हा सुरू केलं. लेथ चालू झाले. किटली त्या दिवशी कुणीच घासली नाही.

वर्ग सुटला. माणसं गेली, साडूही 'येतो' न म्हणता गेला. फोरमननं कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. मग तो भिंतीपाशी गेला, दोरीची पेन्सिल ओढून घेतली आणि साडूच्या वाडग्याखाली, साडूच्या नावाशेजारी, आपलं नाव लिहिलं. तारीख वेगळी लिहावी लागली नाही.